गंगेवर वल्हं मारायचं तर: नाशिकमध्ये लोकांचा रोइंग क्लब कसा उभा करायचा

रोइंग क्लब काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, बोट कुठून आणायची. खरं तर हा शेवटचा प्रश्न. आधी पाणी ठरवा, मग काठ, मग माणसं, आणि मग बोट. ज्यांनी आधी बोट घेतली त्यांची गोष्ट सगळीकडे सारखीच असते: आठ मीटरची रेसिंग बोट कुणाच्या तरी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली दोन-तीन उन्हाळे काढते आणि पाण्याचं तोंड न बघताच तिच्या तळाला फोड येतात.

नाशिकला रोइंग नवं नाही. गंगापूर रोडला केटीएचएम कॉलेजच्या पाठीमागे गोदापात्रात, म्हणजे नाशिककरांच्या गंगेत, बोट क्लब आहे. चांदवड तालुक्यासारख्या दुष्काळी भागातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने, दोन हातांत दोन वल्ही घेऊन) तेरावा आला, आणि २०१८ च्या एशियाडमध्ये क्वाड्रपल स्कल्सच्या सुवर्णपदक विजेत्या चौघांत होता. वल्हं मात्र त्याने लष्करात गेल्यावर हातात धरलं. इथली माहिती त्या पातळीच्या खेळाडूंसाठी नाही. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून तीन सकाळी तासभर वल्हवू पाहणाऱ्या पंधरा-वीस जणांसाठी आहे.

पाणी कुठलं?

रामकुंडाचा परिसर सोडून द्या. तिथे पात्र उथळ आणि बांधीव आहे, स्नान आणि विधी बारा महिने चालतात, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर घाटाकडे बोट नेण्याचा विचारही नको. खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला पाणी पसरट आणि शांत दिसतं, पण ते पक्षी अभयारण्य आहे. रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. तिथे क्लब होणार नाही आणि होऊही नये.

उरतात दोन. एक, गंगापूर धरणाचा जलाशय: पाणी खोल, मोकळं, स्वच्छ. पण दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात, शहरापासून रोजचं जाणं-येणं परवडत नाही, आणि शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येत असल्याने नियम कडक असणार हे गृहीत धरा. दुसरं, आनंदवलीपासून खाली गंगापूर रोडच्या बाजूने येणारं, बंधाऱ्यांनी तुंबलेलं पात्र. रोजच्या क्लबला हेच बरं. घरापासून सायकलवर पोहोचता आलं तरच माणूस जानेवारीच्या थंडीत पहाटे उठून येतो.

पात्र नुसतं काठावरून बघून ठरवू नका. मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, ते मोजून घ्या. दोरीला दोन किलोचं वजन बांधा, दर अर्ध्या मीटरला गाठ मारा आणि साध्या नावेतून दर २५ मीटरला तीन ठिकाणी, म्हणजे दोन्ही कडांकडे आणि मध्ये, दोरी सोडा. आकडे वहीत उतरवून पात्राचा कच्चा नकाशा काढा. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय मार्गाला तीन मीटर खोली लागते. शिकायला दीड मीटर पुरते. गोदावरीचा तळ काळ्या पाषाणाचा आहे. पाण्याखाली हातभर असलेला खडक वरून दिसत नाही, आणि बोटीच्या तळाची फिन त्याला लागली की ती जागेवरून उखडते. असा प्रत्येक खडक पांढऱ्या कॅनवर लाल पट्टा मारून, दोरीने दगड बांधून, दाखवून ठेवा. पाणी वर-खाली होईल तशी दोरीची लांबी बदलावी लागते, हे काम कुणा एकाच्या नावावर लावा.

रुंदी किती हवी हे हिशेबाने काढता येतं. दोन वल्ह्यांची स्कलिंग बोट वल्ही पसरून साधारण साडेपाच मीटर जागा घेते. समोरासमोर येणाऱ्या दोन बोटी म्हणजे अकरा, मधलं आणि काठाकडचं अंतर धरून वीस मीटरच्या खाली दुहेरी वाहतूक करू नये. तीस असतील तर मन निवांत. लांबी ८००–१००० मीटर सलग मिळाली तरी क्लब चालतो. वळण्याच्या जागा तेवढ्या ठरलेल्या हव्यात.

बंधाऱ्यापासून वरच्या बाजूला किमान १०० मीटरवर फ्लोटची ओळ टाका आणि तिच्या पुढे कुणीही जायचं नाही. पाणी बंधाऱ्यावरून जेमतेम घोटाभर पडत असलं तरी खाली पडणारं पाणी उलटं फिरून वस्तूला तिथेच धरून ठेवतं. चांगला पोहणाराही त्यातून सुटत नाही. पुलाच्या खांबांचंही तसंच. प्रवाहात आडवी झालेली बोट खांबाला चिकटली की पाणी ती तिथेच दाबून धरतं.

विसर्ग, आवर्तन आणि नारळ

नाशिककर पूर मोजतात तो पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. क्लबला त्याच्या कितीतरी आधी थांबायचं असतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की बातमी येते, होळकर पुलाखालून किती क्युसेक जातंय तेही कळतं. पावसाळ्यात हे आकडे रोज सकाळी बोट काढण्याआधी बघणं हे एका ठरावीक माणसाचं काम असावं. चार जणांनी बघायचं म्हणजे कुणीच बघायचं नाही.

फसगत होते ती पावसाळ्यात नव्हे, कोरड्या दिवसांत. आकाश निरभ्र असताना आवर्तन (धरणातून पाळीने सोडलं जाणारं पाणी) सुटतं, किंवा जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडलं जातं, आणि काल तळ्यासारखं असलेलं पात्र आज वाहतं असतं. म्हणून ऋतू कुठलाही असो, रोजची एक चाचणी करा. काठावर २० मीटर अंतर मोजून दोन खुंट्या ठोका. पाण्यात नारळ टाका (निर्माल्यात एखादा सापडतोच) आणि घड्याळ लावा. नारळ जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याने ढकलला जात नाही. बाटली वापरलीत तर वाऱ्याचा वेग मोजाल. २० मीटरला ४० सेकंदांहून जास्त लागले तर नवशिके जाऊ शकतात. २५ ते ४० मध्ये फक्त मुरलेले, तेही सोबत मोटरबोट असेल तर. २५ च्या आत आला तर सगळ्यांनी काठावर एर्गोमीटर (वल्हवण्याच्या सरावाचं यंत्र) ओढायचा. पाणी गढूळ होऊन ओंडके, फांद्या वाहायला लागल्या तर नारळही टाकू नका. जून ते सप्टेंबर नवीन लोकांची बॅच घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विजेचा नियम साधा: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. एप्रिल-मेच्या अवकाळीत हे फार अचानक होतं, द्राक्षवाल्यांना विचारा. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. १०० मीटरवरचा खुणेचा फ्लोट दिसत नसेल तर धुकं उतरेपर्यंत चहा.

पाण्यात आणखी तीन गोष्टी असतात. पाणवेली: पान दिसतं तेवढंच नसतं, खाली मुळांचा झुपका असतो आणि तो फिनला गुंडाळला जातो. बोट एकाएकी जड लागली किंवा एकीकडे ओढायला लागली तर हाताची ताकद कमी-जास्त झाली असं समजण्याआधी फिन तपासा. दुसरं, विसर्जनानंतर मूर्तींचे बांबू, तारा आणि पाटांचे तुकडे तळाशी राहतात. अनंत चतुर्दशीनंतर दोरीने पुन्हा एकदा तळ चाचपा. तिसरं, संक्रांतीच्या आठवड्यात पुलांवरून लोंबणारा मांजा. रोअरची, म्हणजे वल्हवणाऱ्याची, पाठ पुढे असते, त्याला तो दिसत नाही.

पाण्याची प्रत कशी असते हे नाशिककराला सांगायला नको. हाताला उघडी जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावल्याशिवाय वल्हं धरू नका, उतरल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावू नका. पाण्यात पडलेल्या माणसाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला नदीच्या पाण्याचा उल्लेख जरूर करा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका त्यावरूनच येते.

काठ आणि कागद

जागेचा मालक कोण हे सात-बारा आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. पात्रासाठी जलसंपदा विभाग, काठासाठी महापालिका, शिवाय पोलीस ठाण्याला लेखी माहिती, असे तिन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. निळ्या पूररेषेच्या आत पक्की शेड बांधता येत नाही, हे २००८ च्या पुरानंतर नाशिकमध्ये लहान मुलालाही माहीत आहे. त्यामुळे निळ्या रेषेबाहेर भाड्याची शेड किंवा एखाद्या कॉलेजची भिंत, आणि काठावर फक्त उचलून नेता येणारा तराफा, अशीच मांडणी करा. तराफ्याचा माथा पाण्यापासून १५ ते २० सेंटिमीटर उंच हवा. त्याहून उंच झाला तर रिगर (बोटीच्या बाहेर आलेला, वल्हं पेलणारा सांगाडा) आणि वल्ह्याचं पातं त्यावर चढत नाही.

संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्ही नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. नियमावलीत एक कलम आवर्जून घाला: पाण्यावर जायचं की नाही हा त्या सकाळच्या सुरक्षा-प्रमुखाचा निर्णय अंतिम, तिथे अध्यक्षाचंही चालणार नाही. बाकी कलमं वकील घालून देईल.

पोहण्याची परीक्षा घेतल्याशिवाय कुणालाही बोटीत बसवू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. टी-शर्ट आणि हाफ पँट घालून ५० मीटर पोहणं, मग दोन मिनिटं जागच्या जागी तरंगणं, मग पाण्याखालून पाच मीटर. ही परीक्षा महापालिकेच्या जलतरण तलावावर घ्या, नदीत नाही. "मी गावच्या विहिरीत पोहलोय" हे उत्तर नेहमी येतं. त्याला म्हणावं, मग तर तुला दोनच मिनिटं लागतील.

आता बोट

रेसिंगची सिंगल स्कल बोट म्हणजे १४ किलो वजनाची, आठेक मीटर लांब आणि पाण्यावर जेमतेम फूटभर रुंद अशी वस्तू. वल्ही सोडली की ती उलटते. ती नवशिक्यासाठी नाही. कोस्टल प्रकारच्या (समुद्रकिनाऱ्यासाठी बनवलेल्या) बोटी रुंद असतात: दोघांची जास्तीत जास्त साडेसात मीटर लांब आणि किमान ६० किलो वजनाची, चार वल्हवणारे आणि एक कॉक्स (सुकाणू धरणारा) अशी १०.७ मीटरची आणि १५० किलोची. जड आहेत, पण खडकाला घासली तरी फाटत नाहीत आणि त्यात पन्नाशीचे काकाही पहिल्याच दिवशी सरळ जातात. क्लबची सुरुवात दोन कोस्टल डबल आणि एका रुंद शिकाऊ सिंगलवर करा. वीस जणांना एवढं वर्षभर पुरतं. जुनी रेसिंग बोट फुकट मिळत असेल तरी आधी तिचा तळ अंगठ्याने दर वीतभर अंतरावर दाबून बघा. जिथे अंगठा आत जातो आणि टिक्-टिक् आवाज येतो तिथे आतला थर सुटलाय. अशी बोट फुकटही महाग.

वल्ही बोटीइतकीच महत्त्वाची आणि त्यांच्यावरच कंजुषी होते. नावाड्याची लाकडी वल्ही रोइंगच्या गेटमध्ये (रिगरच्या टोकाची, वल्हं अडकवायची फिरती कडी) बसत नाहीत. लांबी कमी-जास्त करता येणारी मूठ असलेली वल्ही घ्या, म्हणजे एकच जोडी सगळ्यांना चालते.

यांशिवाय हवं ते: बोटीच्या टोकावर पांढरा रबरी गोळा (चार सेंटिमीटर व्यासाचा, याच्याशिवाय बोट म्हणजे भाला आहे), मोटर असलेली सोबतीची बोट, तिच्या चालकाला लाइफ जॅकेट आणि मोटर बंद पाडणारी मनगटाची दोरी, १५ मीटरपेक्षा लांब दोरीची फेकपिशवी, शिट्टी, प्रथमोपचार पेटी आणि १०–१३ मिलिमीटरचा पाना. पाने चार घ्या. वर्षअखेर दोन नदीच्या तळाशी असतात.

बसवणूक

नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी, म्हणजे पाठ दुखते, बोट डोलते, हात एकमेकांवर आपटतात, या वल्हवण्याच्या नसून बसवणुकीच्या असतात. बोट स्टँडवर ठेवून, टेप घेऊन, हे एकदा नीट करा.

दोन्ही गेटच्या खिळ्यांमधलं अंतर स्कलिंगला १५८ ते १६० सेंटिमीटर. दोन्ही बाजू मधल्या रेषेपासून सारख्याच हव्यात. एक बाजू ७९ आणि दुसरी ८१ असेल तर एकूण बेरीज बरोबर दिसते आणि बोट मात्र कायम एका काठाला जाते. वल्ह्याची एकूण लांबी २८४ ते २८७, त्यातली आतली बाजू ८७–८८. मग वल्ही बोटीला काटकोनात आणली की मुठी एकमेकांवर १८–२० सेंटिमीटर येतात. त्याहून जास्त आल्या तर बोटांची सालं निघतात.

गेटची उंची सीटच्या खोलगट भागापासून १५ ते १८ सेंटिमीटर. डावा हात वर, उजवा खाली अशी रीत आहे, म्हणून डाव्या हाताचं गेट एखादा सेंटिमीटर उंच ठेवतात. अनेक जण समोरून बघून "गेट वाकडं झालंय" म्हणत ते खाली उतरवतात आणि मग दिवसभर बोट एका बाजूला कलते. रंग लक्षात ठेवा: वल्हवणाऱ्याच्या उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला हिरवा. रोअर मागे तोंड करून बसतो, त्यामुळे बोटीचा उजवा त्याच्या डाव्या हाताला येतो. पहिले पंधरा दिवस "उजवं-डावं" न म्हणता "लाल-हिरवं" म्हणा.

पायपट्टी (पाय टेकवायची, पुढे-मागे सरकणारी फळी) अशी लावा की पाय सरळ करून, मागे किंचित रेलून मुठी पोटाशी आणल्यावर दोन्ही अंगठे फासळ्यांना निसटते लागतील. अंगठे पोटासमोर हवेतच राहिले तर पट्टी पायांकडे सरकवा, मुठी फासळ्यांच्या मागे जाऊ लागल्या तर पोटाकडे घ्या. टाचा सीटपेक्षा १६ ते १८ सेंटिमीटर खाली. मांडीची मागची शीर आखडलेली असेल तर आणखी एक-दोन सेंटिमीटर खाली, नाहीतर तो माणूस कंबर गोल करून पुढे वाकेल आणि महिन्याभरात पाठीची तक्रार घेऊन येईल.

पायपट्टीवर बसवलेल्या बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी सगळ्यात कमी दिसणारी आणि सगळ्यात जास्त कामाची. टाच पट्टीपासून सात सेंटिमीटरहून जास्त उचलली जाता कामा नये. बोट उलटली की हीच दोरी टाच धरून ठेवते आणि पाय बुटातून निसटून येतो. दोरी तुटलेली असेल तर बूट पायासोबत वर येतो आणि माणूस पाण्याखाली अडकतो. दर खेपेला, बसण्याआधी, दोन्ही टाचा ओढून बघायच्या. याला अपवाद नाही.

शिकवणं

पहिला वर्ग काठावर. एर्गोमीटर असेल तर त्यावर, नसेल तर सतरंजीवर बसून. क्रम तोंडपाठ करून घ्या: ओढताना पाय, कंबर, हात, परतताना हात, कंबर, पाय. सगळे चुकतात ते परतताना. हात पुढे जाण्याआधीच गुडघे वर येतात, मग मुठी गुडघ्यांना अडतात आणि वल्हं गुडघ्यावरून उचलून न्यावं लागतं. बघायची खूण एकच: मूठ गुडघ्याच्या पुढे गेल्याशिवाय गुडघा हलता कामा नये. एर्गोमीटरचा ड्रॅग (ओढताना लागणाऱ्या जडपणाचा आकडा) ११० ते १३० ठेवा. तरुण मुलं डँपर (तो जडपणा बदलणारा खटका) दहावर लावून ताकद दाखवतात. त्याने पाठ जाते.

गती मिनिटाला १८ ते २० फटके. ओढायला एक मात्रा लागली तर परतायला दोन लावा. परतताना घाई केली की सगळं वजन शेपटीकडे आदळतं आणि पळणारी बोट थांबते.

दुसऱ्या वर्गापासून पाण्यावर, पण आधी बोट तराफ्याला दोरीने बांधून. मुठी पोटाशी, पाती पाण्यावर आडवी. एक मूठ उचलायची, दुसरी दाबायची, बोट कशी कलते ते बघायचं. बोट हातांच्या उंचीने सांभाळायची असते, कंबर हलवून नाही, हे अंगात उतरायला वीस मिनिटं लागतात आणि ती वीस मिनिटं वाचवणारा पुढे वीस सकाळी घालवतो. त्यानंतर नुसत्या हातांनी, मग कंबरेसह, मग रुळावर सरकणारी सीट वापरत: पाव सीट, अर्धी सीट, पूर्ण सीट.

क्रॅब (पातं पाण्यात अडकणं) प्रत्येकाला लागतो. पातं पाण्यातून निघण्याआधीच आडवं वळलं तर पाणी ते खाली खेचून घेतं आणि मूठ बंदुकीच्या दस्त्यासारखी छातीवर आदळते. ओढायचा प्रयत्न करू नका. मूठ डोक्यावरून जाऊ द्या, मागे झुका, बोट थांबल्यावर वल्हं परत आणा. तोच तोच माणूस पुन्हा पुन्हा क्रॅब लावत असेल तर दोष बहुधा मुठीत असतो. मूठ घट्ट आवळली की मनगट आधीच वळतं. बोटांनी धरायला लावा, तळहाताने नको. फोड कुठे आलेत ते बघूनही हे कळतं: बोटांच्या मुळाशी असतील तर ठीक, तळहाताच्या मध्यभागी असतील तर पकड चुकतेय.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पातं खोल जाणं. माणूस पाय दाबण्याआधी खांदे वर ओढतो, मूठ वर जाते आणि पातं दांड्यापर्यंत बुडतं. पातं फक्त झाकलं जावं, त्याच्या वर पाणी दोन बोटं.

पाण्यावरचे नियम

किनारा नेहमी आपल्या डाव्या हाताला, हिरव्याकडे. एवढं पाळलं तर समोरासमोर टक्कर होत नाही. दर पाच-सहा फटक्यांना मान वळवून पुढे बघायचं, दोन्ही खांद्यांवरून. बोट उतरवताना आणि लावताना टोक प्रवाहाच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी बोटीला थोपवून धरतं. प्रवाहासोबत लावायला गेलात तर तराफा चुकतो. "इझी ऑल" म्हटलं की सगळ्यांनी ओढणं बंद, "होल्ड" म्हटलं की पाती उभी करून पाण्यात रोवायची. हे दोन शब्द सोडले तर बोटीत एकच माणूस बोलतो. पुलावरून फोटो काढणाऱ्यांना हात करू नका, वल्ही सुटतात.

बोट उलटली तर बोट सोडायची नाही. पोहून काठ गाठण्याच्या नादात माणसं दमतात; बोट बुडत नाही. पाय सोडवा, वर या, बोटीला धरा, जोडीदाराचं नाव घेऊन हाक मारा. मग बोटीवर छाती टेकवून पाय मारत तिरकं काठाकडे जा. हा सराव प्रत्येकाकडून उथळ जागी, मार्चच्या उन्हात, मुद्दाम बोट उलटवून एकदा करून घ्या. त्यानंतरच त्याला सिंगल द्या.

शेडमधलं काम

बोट टोकांवर टेकवून ठेवू नका. लांबीच्या साधारण चौथ्या भागावर, दोन्हीकडून, गादी लावलेल्या रॅकवर, उलटी. वाहून नेताना रिगर धरून उचलायची नाही. वल्ह्यांची पाती भिंतीला, मुठी वर.

परत आल्यावर दहा मिनिटं: गोड्या पाण्याने तळ आणि रिगर पुसणं, सीटचे रूळ फडक्याने कोरडे करणं, चाकांतली वाळू काढणं. रुळावर तेल सोडू नका, त्याला वाळू चिकटते आणि रूळ खरवडले जातात. रिगरचे नट हाताने हलवून बघा, मग पान्याने पाव फेरा. पिळून आवळलेला नट आटे मारतो.

आणि टोकांना असलेल्या हवाबंद कप्प्यांची झाकणं. शेडमध्ये ती उघडी हवीत. मे महिन्यात पत्र्याखाली आतली हवा फुगते आणि बंद कप्पा सांध्यावर चिरतो. पाण्यावर जाताना ती बंद हवीत, कारण बोट उलटल्यावर तरंगते ती याच हवेवर. झाकण उघडं राहिलं की बोट शेपटीकडून बसायला लागते. म्हणून रजिस्टरमध्ये तारीख, नावं, बोट, निघायची आणि परतायची वेळ, नारळाचे सेकंद या रकान्यांशेजारी आणखी दोन आखा: "झाकण बंद" जाताना, "झाकण उघडं" आल्यावर. सही ज्याने हात लावून पाहिलं त्याची.